बालसुरक्षेचा पालकवर्ग: आधीच्या पिढ्यांवरचे सत्र सर्वांत मोलाचे

पालकांसाठीच्या एका ऑनलाइन बालसुरक्षा वर्गाविषयीचा हा अभिप्राय आहे. मुलांना अवयवांची खरी नावे शिकवणे, पाहुण्यांना पापी देण्याची सक्ती न करणे, ‘आईबाबांना सांगू नकोस’ असे बजावून सोपवलेले गुपित पाळायचे नाही हे ठरवून देणे, हा भाग नेटका आहे; परंतु वर्गाचे वेगळेपण आधीच्या पिढ्यांतील पालकांवरच्या सत्रात आहे.

मुलांवर होणाऱ्या अत्याचारांबाबत ते पालक अनभिज्ञ होते, अशी मांडणी तिथे प्रथम होते आणि तिला आधारही दिला जातो. क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये लहान मुलांच्या कवटीतील रक्तस्रावासोबत हातापायांची हाडेही मोडलेली आढळतात हे नोंदवले होते; तरीही घरातल्या मारहाणीकडे अमेरिकेतील वैद्यकाचे गांभीर्याने लक्ष वेधले ते हेन्री केम्प व सहकाऱ्यांच्या १९६२ च्या लेखाने. डॉक्टरांनाच जे उमगत नव्हते ते आईवडिलांना कसे उमगावे, असा वर्ग घेणाऱ्या मार्गदर्शिकेचा प्रश्न आहे.

मारहाणीपुरता तो मला पटतो, लैंगिक अत्याचाराबाबत नाही. तिथे घरच्यांना पुष्कळदा ठाऊक असे. ‘त्यांच्याकडे एकटी जाऊ नकोस’ एवढेच मुलीला सांगितले जाई, कारण विचारल्यास दटावले जाई, आणि ते गृहस्थ मात्र घरच्या कार्याला मानाने बोलावले जात. आपले मूल बाजूला काढले की कर्तव्य संपले. दुसऱ्याच्या मुलाला सावध करणारे कोणी नसे, आणि मुलग्यांना तर तेवढीही सूचना मिळत नसे. सत्राच्या उत्तरार्धात मार्गदर्शिका याच मुद्द्यावर येतात, आणि लोकापवादाची धास्ती, कर्त्या पुरुषावरचे अवलंबित्व ही कारणे सांगताना वडीलधाऱ्यांना आरोपीही करत नाहीत, मोकळेही सोडत नाहीत. हा तोल मला विशेष आवडला.

मूल काही सांगू लागल्यास सूचक प्रश्न न विचारता शांतपणे ऐकण्याचा सराव संवादांतून करून घेतला जातो, तोही उपयुक्त आहे. इंटरनेटवरील धोक्यांचा भाग जेमतेम आहे. त्याहून मोठी उणीव अशी, की लहानपणी स्वतः सांगूनही ज्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, अशा पालकांसाठी समुपदेशकाकडे जाण्याच्या एका ओझरत्या सूचनेपलीकडे काहीच नाही; वास्तविक हे सत्र सर्वाधिक जड जाते ते त्यांनाच. त्यांनी ते ध्वनिमुद्रणातून, थांबत थांबत ऐकावे, आणि मूल आजीआजोबांकडे राहत असेल तर त्यांनाही सोबत बसवावे.