अलॉय चाकांचे डाग काढणारी बाटली 14,200 रुपयांना पडली

पुण्याहून मुंबईकडे जाताना घाट उतरलात, एक्सप्रेसवेवर चहाला थांबलात आणि निळा टी-शर्ट घातलेला एखादा मुलगा हातात स्प्रे घेऊन ‘सर, तुमचे अलॉय व्हील खराब होताहेत’ म्हणत आला, तर काच खाली करू नका. मी केली. फूड मॉलचं नाव लिहीत नाही, कारण अशी टोळकी एका जागी थांबत नाहीत. आज इथे, उद्या एखाद्या मॉलच्या बेसमेंटला.

पद्धत तुम्हाला माहीतच असेल. एका कोपऱ्यात चमत्कार दाखवायचा, मग ‘आजचीच ऑफर’, मग क्यूआर. मलाही माहीत होती. इंधनाच्या टाकीत ॲडिटिव्ह ओतू का विचारणाऱ्या पंपवाल्यांना मी आजवर एक रुपया दिलेला नाही. पण हा मुलगा जे सांगत होता ते सगळं खरं होतं, आणि तिथेच मी गुंतलो.

पुढच्या चाकांवर बारीक नारिंगी ठिपके होते. शाम्पूने जात नव्हते, घरच्या ब्रशने जात नव्हते. तो म्हणाला, सर, हा चिखल नाही, ब्रेकची भुकटी आहे. डिस्क आणि पॅड घासले की लोखंडाचे तापलेले कण उडतात, अलॉयवरच्या पारदर्शक लॅकरवर चिकटतात आणि मग तिथेच गंजतात. पुढच्या ब्रेकवर भार जास्त, म्हणून पुढची चाकं जास्त खराब. तुमच्या गाडीला मागे बंद डब्यातले ड्रम ब्रेक आहेत, ती चाकं बघा, किती स्वच्छ. बघितली, खरंच स्वच्छ होती. मग त्याने एका स्पोकवर फवारा मारला. मिनिटाभरात पांढरा द्रव जांभळा होऊन ओघळायला लागला आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर ठिपके गायब. ही जादू नाही. थायोग्लायकोलेट नावाचं रसायन लोखंडाशी मिळालं की जांभळं होतं, लोखंडाचे कण काढणाऱ्या चांगल्या आयर्न रिमूव्हरमध्ये सहसा तेच असतं. म्हणजे डेमोची बाटली अस्सल होती. पुन्हा सांगतो, डेमोची.

बाटलीवर 4,999 छापलेलं. माझ्यासाठी 1,700. दोन घेतल्या, 3,400. वर ‘अलॉय सीलर’ 900. एकूण 4,300 रुपये, क्यूआरवरून. स्कॅन केल्यावर आलेलं नाव बाटलीवरच्या कंपनीचं नव्हतं, कुठल्या तरी ‘एंटरप्रायझेस’चं होतं. आता कुणी म्हणेल, तेव्हाच थांबायचं. अहो, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला पैसे देतानाही त्याच्या मेव्हण्याचं नाव येतं. नावावरून आपण आजकाल कुठे थांबतो?

थांबायचं होतं ते वासावर. डेमोच्या वेळी घाण वास आला होता. गाडीत बसलेली बायको म्हणाली, ‘हेअर रिमूव्हल क्रीमसारखा वास येतोय गं बाई.’ बरोबर ओळखलं होतं तिने, त्या क्रीममध्येही याच घराण्यातलं रसायन असतं. त्यानंतर मुलाने खोक्यातून सीलबंद बाटल्या काढल्या. मी एकीचं बूच फिरवून हुंगलं. लिंबाचा वास. आणि लिंबामागून नाकात झिणझिणी. मी विचारलंसुद्धा, ‘याचा वास वेगळा का?’ तो क्षणभरही अडखळला नाही. ‘सर, ते जुनं व्हर्जन. हे परफ्यूमवालं, फॅमिली पॅक.’ चाकाच्या क्लीनरला फॅमिली पॅक! आणि मी हसलो. ते हसू मला अजून रात्री आठवतं. प्रश्न योग्य होता, माणूस समोर होता, बाटली उघडी होती, दुसरं घाण चाक तीन फुटांवर होतं. ‘याच बाटलीतलं मार तिकडे’ एवढंच म्हणायचं होतं. पण ठाण्याला साखरपुड्याला पोचायचं होतं, मागे हॉर्न वाजत होते, आणि ज्याने आत्ताच ड्रम आणि डिस्क यांतला फरक समजावला त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नव्हतं. तुम्हीही घेतला नसता.

आणखी एक. घाट उतरून आलेली चाकं तापलेली असतात. या धंद्यातला कुठलाही खरा माणूस तापलेल्या चाकावर काहीही मारत नाही, आधी थंड होऊ देतो आणि औषध वाळायच्या आत धुतो. याने मारलं आणि घाईघाईने पुसलं.

रविवारी पार्किंगमध्ये पुढच्या दोन्ही चाकांवर तो लिंबू फवारला. जांभळं काही होईना. फेस मात्र आला, आणि खाली शहाबादी फरशीवर थेंब पडले तिथे फसफसायला लागलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर फसफसलं म्हणजे ॲसिड. मला ते कळेपर्यंत पाच-सात मिनिटं गेली होती. धुतल्यावर अलॉयवर ढगासारखे पांढुरके डाग, आणि नारिंगी ठिपके आहेत तिथेच. माझे डायमंड कट अलॉय आहेत, म्हणजे दर्शनी भाग लेथवर कापून चमकवलेले. वरचं पारदर्शक लॅकर गेलं की आतलं ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि कडेने गंज आत शिरतो. पॉलिशने ते परत येत नाही. लेथवर चढवून पुन्हा कापायचे 4,500 रुपये एका चाकाला, दोन चाकांचे 9,000. वर बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे 900. आधीच्या 4,300 सकट 14,200. दुरुस्तीवाल्याने वर ऐकवलं की असं कटिंग एक-दोनदाच करता येतं, प्रत्येक वेळी धातू झिजतो.

आता सरकारी पाहुणचार. घराजवळच्या चौकीत गेलो. ‘व्यवहार कुठे झाला? रायगड जिल्ह्यात? मग तिकडे जा.’ तिकडे गेलो. ‘नुकसान कुठे झालं? पुण्यात? मग तिकडेच द्या.’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. हे मी छापून नेलं होतं. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, ‘काका, बाटली तुम्ही राजीखुशीने घेतली ना? हे सिव्हिल मॅटर आहे.’ डेमो एका मालाचा आणि विक्री दुसऱ्याच मालाची, ही फसवणूक नाही तर काय आहे? न्याय संहितेचं 318 कलम कशासाठी लिहिलंय? बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकला, म्हणून पैसे परत नाहीत. खातेदाराचा पत्ता? पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, गुन्हा नोंदल्याशिवाय पत्र नाही. गुन्हा नोंदत नाहीत. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकीलही लागत नाही. उत्तम. पण समोरच्याचा पत्ता लागतो. तो बँकेकडे. फूड मॉलच्या मॅनेजरला सीसीटीव्ही मागितला तर म्हणे, पार्किंगचं कंत्राट वेगळं आहे. आणि त्या मुलांना रोज तिथे उभं कोण राहू देतं? त्यावर ‘सर, चहा घेणार का?’

बाटलीवर उत्पादकाचा पत्ता नाही, घटक नाहीत, तक्रारीचा नंबर नाही. पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन किंवा माप, एमआरपी आणि ग्राहकांसाठी संपर्क छापणं कायद्याने सक्तीचं आहे. पत्ता नसेल तर घेऊच नका, बाकी काही तपासायची गरजही नाही. विकायच्या बाटलीतूनच डेमो मागा. लोखंड विरघळवणारं औषध सहसा घाणच वास मारतं, सुगंधी निघालं तर हात मागे घ्या. नवीन काहीही आधी चाकाच्या आतल्या बाजूला लावून बघा. डांबराच्या काळ्या ठिपक्यांवर आयर्न रिमूव्हर चालत नाही, त्याला टार रिमूव्हर वेगळा. फरशी-संडास धुवायचं ॲसिड चाकाला लावायचा सल्ला देणारे वॉशिंग सेंटरवालेही पुष्कळ आहेत, त्यांनाही लांब ठेवा. काही व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडचं ॲसिड असतं. ते कातडीतून आत जातं आणि दुखायला तासांनी लागतं, तेव्हा हातमोज्यांशिवाय हात लावू नका. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर त्याच तासाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, मालाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि क्यूआरचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे फक्त व्यवहाराचा नंबर आहे.

उरलेली दीड बाटली मोरीत ओतलेली नाही, पुरावा म्हणून ठेवली आहे. चौकीत जमा करायला नेली होती. तिथल्या हवालदारांनी ती टेबलावरून उचलून परत माझ्या पिशवीत ठेवली आणि म्हणाले, ‘इथे सांडली तर फरशी खराब होईल.’