क्लच बदलायला दिला, बिल आलं गिअरबॉक्सचं

क्लचच्या कामाला गाडी दिली असेल आणि संध्याकाळी "साहेब, गिअरबॉक्समध्येही काम निघालंय" असा फोन आला, तर हो म्हणण्याआधी हे वाचा. ठाण्यात कोलशेत भागातल्या एका गॅरेजने मला असाच फोन करून २२,००० रुपयांना लुबाडलं.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीचा क्लच लवकर जातो, त्यात नवल नाही. गायमुखच्या चढाला माझी गाडी नुसती रेस व्हायची, ओढायची नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी मिळून ९,५०० ठरले होते. फोनवर मालक म्हणाला, "बेल हाउसिंगला आधीपासूनच क्रॅक होता, बोल्टचा कान हातात आला. दुसरं हाउसिंग टाकावं लागेल." बेल हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्सचं इंजिनला जोडलं जाणारं कवच, आणि कान म्हणजे त्याच्या कडेचा, बोल्ट बसायचा भाग.

जाऊन पाहिलं तर गिअरबॉक्स जमिनीवर आणि इंजिन जॅकच्या आधारावर. अशी उघडी गाडी कुणी उचलून दुसरीकडे नेत नाही, हे या लोकांना पक्कं माहीत असतं. तुटलेला कान मी हातात घेतला. हाउसिंग बाहेरून तेल-धुळीने काळं पडलेलं, पण तुटलेली कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी, चकचकीत. जुनी चीर असती तर आत तेल आणि माती शिरून ती काळवंडली असती. हा तुकडा तिथेच, त्याच दिवशी तुटला होता. तसं म्हटल्यावर मालकाचा आवाज चढला आणि गाडी अडकली ती अडकलीच. शेवटी पैसे भरले.

कान तुटतो कसा, हे समजून घ्या, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनला जोडलेली जड चकती) आणि प्रेशर प्लेटच्या मध्ये दाबलेली असते. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्याआधी डमी शाफ्ट घालून ती बरोबर मधोमध आणावी लागते. ती जरा जरी सरकलेली राहिली, तरी गिअरबॉक्समधून पुढे येणारा दांडा, म्हणजे इनपुट शाफ्ट, तिच्या मधल्या भोकातल्या दात्यांवर अडतो आणि हाउसिंग इंजिनला टेकत नाही, मध्ये फट राहते. जाणता मिस्त्री इथे थांबतो. गिअरबॉक्सचा तिरपेपणा काढतो, क्रँकची पुली पान्याने थोडी फिरवून दाते जुळवतो, नाहीतर सरळ प्लेट पुन्हा मधोमध बसवतो. डॉवेल पिना (हाउसिंग नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या खुंट्या) भोकात जाऊन हाउसिंग चहूबाजूंनी हातानेच टेकलं पाहिजे, मग बोल्ट. घाईतला माणूस फट तशीच ठेवून बोल्ट आवळत ओढत नेतो. मग ॲल्युमिनियमचा कान तुटतो, नाहीतर प्लेटचा मधला भाग वाकतो. तोडायचं त्यांनी आणि भरायचं आपण!

पुढे रिव्हर्स टाकताना करकर सुरू झाली, क्लच पूर्ण दाबूनही. वागळे इस्टेटमधल्या एका मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. "दुसरं" म्हणून लावलेलं हाउसिंग माझंच होतं. तोच कान वेल्डिंग करून जोडलेला, वरून चंदेरी रंग. क्लच प्लेटचे दाते एका बाजूने चेचलेले आणि एक डॉवेल पिन गायब. मिस्त्रींनी प्रत्येक गोष्ट मोबाइलच्या उजेडात दाखवली आणि सगळ्याचे फोटो काढू दिले. असा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका.

काम देताना मालकाला स्पष्ट सांगा की गिअरबॉक्स उतरवण्याआधी हाउसिंगचे सगळ्या बाजूंनी फोटो हवेत आणि बसवताना बोल्ट आवळण्याआधीचा सांध्याचा व्हिडिओ हवा. फट आहे की नाही, ते त्यात कुणालाही दिसतं. जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा, नव्यांचे खोके बघा. बिलावर पार्ट नंबर मागा. "बिल नको, जीएसटी वाचेल" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा; माझ्याकडे बिल होतं म्हणूनच त्यावरचं "हाउसिंग बदलले" हे वाक्य आज पुरावा ठरतंय.

फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. माझी तक्रार मी फोटो, बिल आणि दुसऱ्या मिस्त्रींच्या लेखी अहवालासह दाखल केली आहे.