इनिटरामएफएस ठेवायचं की काढायचं?

परभणीत माझ्याकडे दोन जुने पीसी आहेत. एकावर डेबियन लिनक्स जसंच्या तसं, दुसऱ्यावर मी स्वतः कंपाइल केलेला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), इनिटरामएफएसशिवाय, म्हणजे बूट होताना वापरायच्या तात्पुरत्या फाइलसिस्टीमशिवाय. उन्हाळ्यात लाइट गेली की दोन्ही पुन्हा चालू करावे लागतात, त्यामुळे तुलना आपोआपच होते.

इनिटरामएफएस म्हणजे सीपीआयओ या संग्रह-पद्धतीने बांधलेलं फाइल्सचं गाठोडं. बूटलोडर (मशीन सुरू होताना कर्नल आणणारा प्रोग्रॅम) ते कर्नलसोबत मेमरीत ठेवतो आणि कर्नल ते उलगडतो. आतला इनिट नावाचा प्रोग्रॅम लागणारे ड्रायव्हर लोड करून खरी रूट (डिस्कवरची मुख्य) फाइलसिस्टीम शोधतो अन् कारभार तिच्याकडे सोपवतो. म्हणूनच डेबियनची डिस्क काढून वेगळ्या मशीनला लावली तरी ती बहुधा चालू होते.

दुसऱ्या पीसीवर साटा कंट्रोलर (डिस्क जोडणारी चिप) आणि एक्स्ट४ (डिस्कवरची फाइलसिस्टीम) या दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच पक्के बसवावे लागले. मॉड्यूल, म्हणजे डिस्कवरच्या वेगळ्या फाइली म्हणून ठेवले असते तर पेटीची किल्ली पेटीतच! तरी मी फसलोच: रूट कुठे आहे ते सांगायला फाइलसिस्टीमचा ओळख-क्रमांक, यूयूआयडी, लिहिला आणि थेट कर्नल पॅनिक, म्हणजे बूट तिथेच ठप्प. फाइलसिस्टीमचा यूयूआयडी कर्नलला एकट्याला ओळखता येत नाही, पार्टिशनचा क्रमांक, पार्टयूयूआयडी, येतो. एवढं कळायला अर्धी रात्र गेली. वाचले किती, तर बूट होताना जेमतेम दोन सेकंद.

रूट लक्स या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीने एन्क्रिप्ट केलेलं असेल तर प्रश्नच मिटला, कारण पासवर्ड विचारायला इनिटरामएफएस लागतंच. रूट एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी व्यवस्था) असेल तरी इनिटरामएफएस लागतंच. बाकी शिकायची हौस असेल तर जरूर काढून बघा, फक्त डेबियनचा कर्नल ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूत राहू द्या. माझा अजून आहे.