फायबर सेन्सर, दहा महिने वापरून: आतला दोरा अमर, बाहेरची वीतभर शेपटी वैताग

परवा शेपटी परत तुटली, म्हणजे बोटीच्या अंगात घातलेल्या काचेच्या सेन्सर-दोऱ्याचं बाहेर राहणारं टोक. मोल्डमधून हल (बोटीचं मुख्य अंग) काढला, पोरगा पील प्लाय (वरचं सोलून काढायचं कापड) ओढायला लागला, आणि स्क्रीनवर सेन्सरचे चार पीक (सिग्नलचे सुळके) दिसत होते त्यातले चारही गेले. आवाज नाही की काही नाही. पोरगा म्हणतो, दादा मी हातसुद्धा नाही लावला. बरोबर आहे, त्याची चूक नाहीच, चूक त्या शेपटीची आहे आणि दहा महिने मी तिच्याशीच भांडतोय.

आमचं गोव्यात तुयेला छोटं शेड आहे, मासेमारीच्या आणि टुरिस्टांच्या फायबरच्या बोटी बनवतो, इपॉक्सी इन्फ्युजन, म्हणजे कोरड्या कापडावर प्लास्टिकची बॅग लावून व्हॅक्यूमने रेझिन आत ओढायचं. दिवाळीनंतर हा सेट घेतला, इंटरोगेटर (दोऱ्यात प्रकाश सोडून परत आलेला वाचणारं मशीन) आणि पॉलिइमाइड (एक चिवट प्लास्टिक) कोटिंगचे एफबीजी सेन्सर, एका दोऱ्यावर चार ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत फिरवणारे बारीक पट्टे. किंमत सांगत नाही, घरी अजून पूर्ण आकडा माहीत नाही. त्या पैशात बरी सेकंडहँड गाडी आली असती एवढंच समजा. १५५० नॅनोमीटरच्या आसपास पीक, एक डिग्री वाढली की साधारण १० पिकोमीटर सरकतो, एक मायक्रोस्ट्रेन ताणाला (लांबीच्या दहा लाखाव्या भागाएवढा) १.२ च्या आसपास, हे सगळं पत्रकात असतंच. तापमान आणि ताण एकाच आकड्यात मिसळून येतात म्हणून एक ग्रेटिंग स्टीलच्या बारीक नळीत मोकळं ठेवायचं, त्याला कोणी ओढत नाही, ते फक्त तापमान सांगतं. हेही पत्रकात आहे.

पत्रकात काय नाही, तर लॅमिनेटमधून (रेझिनने चिकटलेल्या कापडाच्या थरांतून) दोरा बाहेर कुठून काढायचा. कडेने काढला तर डिमोल्डनंतर कड ग्राइंडरने कापायची असते, म्हणजे आपल्याच हाताने सेन्सर कापा. म्हणून वरून काढला, टेफ्लॉनची नळी घालून. पहिल्या वेळी त्या नळीतून रेझिन वर चढलं, नळीच्या तोंडाशी दोरा काचेसारखा कडक, वाकवला की गेला. दुसऱ्या वेळी व्हॅक्यूमच धरेना. अख्खी सकाळ टॅकी टेप दाबत बसलो, कान लावून सूं आवाज शोधतोय, आणि गळत होतं कुठून तर त्या नळीच्या पोटातूनच, एक तोंड बॅगच्या आत आणि दुसरं बाहेर, हवेला एवढा राजमार्ग कोण देतो! आता दोन्ही तोंडांना सिलिकॉनचा थेंब लावतो, रात्रभर वाळू देतो, मगच बॅग. तरी तीनातला एक जातोच.

जानेवारीत मी ह्याला एक स्टार दिला असता. तेव्हा सगळेच सेन्सर एकदम मेले. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे मशीन कुरियर करा, चेकिंगचा चार्ज वेगळा, जायचा-यायचा खर्च तुमचा. तीन आठवडे मेल-मेल खेळलो. शेवटी घरचा वायफाय बंद पडला म्हणून इंटरनेटवाला पोरगा आलेला, त्याला सहज शेडात नेलं. त्याने खिशातून पेनासारखा क्लीनर काढला, कनेक्टरच्या तोंडावर टक्क करून दाबला आणि पीक परत! फायबर ग्लास कापायच्या शेडातली धूळ बसलेली, बस्स. मशीनला काही झालेलंच नव्हतं. हे फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं नसतं?

आणि इथे माझी खरी तक्रार. लाखांची वस्तू, पण कनेक्टरच्या टोपीला साधी दोरी नाही. टोपी काढली, खिशात ठेवली, पँट धुवायला गेली, टोपी गेली. बाटलीच्या झाकणाला दोरी असते, पेनच्या टोपणाला क्लिप असते, ह्यांना जमत नाही. मी दहा टोप्या मागवल्या तर कोटेशन आलं, त्यावर जीएसटी. शेवटी त्या इंटरनेटवाल्यानेच मूठभर आणून दिल्या, फुकट.

तोच पोरगा आता माझा सर्व्हिस इंजिनिअर. तुटलेली शेपटी स्प्लाइस करून (वितळवून जोडून) देतो, फक्त पॉलिइमाइड त्याच्या स्ट्रिपरने निघत नाही, लायटरने जाळून पुसतो, तेवढी जागा नाजूक होते म्हणून वर कडक स्लीव्ह. एक लक्षात ठेवा, हिरव्या कनेक्टरला हिरवंच जोडा, निळं लावलंत तर ८ अंशांचा तिरका कट सरळ तोंडावर टेकतो, फट राहते आणि सिग्नलची वाट लागते.

एवढं सगळं असून परत का वापरतोय, तर मे महिना. पत्र्याचं शेड, दुपार, कीलपाशी (बोटीच्या तळाचा कणा) जाड लॅमिनेट, आणि रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं, जाड असलं की जास्त. बाजूच्या पातळ भागात ५० अंश दिसत होतं तेव्हा कीलचं ग्रेटिंग ९४ वर. वरून हात लावून काही कळलं नसतं. आतला फोम मऊ पडायला एवढं पुरतं. तेव्हापासून कील दोन टप्प्यांत करतो, सकाळी सातला सुरू. आधीचा थर्मोकपल (तारेचा तापमापक) होता तो व्हॅक्यूम पंपाशेजारी नाचायचा, आणि कार्बन घातलं की उघडी तार शॉर्ट. काचेला ह्याचं काही पडलेलं नाही.

आणि एक गोष्ट मला अजून बघायला आवडते. रेझिन पातळ असतं तोवर त्याची दोऱ्यावर पकड नसते, म्हणून दोन्ही रेषा, मोकळ्या ग्रेटिंगची आणि आतल्याची, हातात हात घालून चालतात. मग एका क्षणी फारकत. ते जेल, म्हणजे रेझिनने धरलं. तिथून रेझिन आकसतं आणि दोऱ्याला दाबत नेतं. आधी आम्ही कपातलं उरलेलं रेझिन काडीने टोचून ठरवायचो, कपातलं आणि मोल्डमधलं एकाच वेळी कधी होत नाही. मात्र रेषा सपाट झाली म्हणजे क्युअर (रेझिन कडक होणं) पूर्ण, असं मी मार्चमध्ये समजलो ते चुकलं. शेडच्या तापमानाला ती आपली थकून थांबते, पोस्ट-क्युअर (नंतरची मुद्दाम उष्णता) नाही दिला तर निळ्या रंगाचा हल उन्हात तापून कापडाचा विणीचा ठसा वर येतो. आला. एका गिऱ्हाइकाने दाखवला.

तुटलेल्या दोऱ्यांचा उपयोगही सापडला, ही खरी कमाई. टोक नीट कापून बॅगमध्ये फोमच्या खालच्या बाजूला ठेवायचं, जिथे डोळ्याला दिसत नाही. हवेत काचेच्या टोकावरून जवळजवळ चार टक्के प्रकाश परत येतो, रेझिन पोचलं की तो एकदम पडतो. म्हणजे खाली भिजलं. भंगारातून इतकं मिळालं तर मी खूश.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सगळ्यांना बोट १ ऑगस्टच्या आत पाहिजे. ह्या पावसाळ्यात दोन दिवसांनी काढायचो ते हल दीड दिवसात काढले, वीज गेली तर यूपीएसवर मशीन चालू. एक खारवी विचारत होता, पात्रांव, हो केंस कित्याक घालता? (मालक, हा केस कशाला घालता?) म्हटलं बाबा, आत राहिला तर समुद्रात बोटीला किती मार बसतो तेही कळेल. त्याच्या बोटीत शेपटी वाचली होती, म्हणून मागच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानातला स्विचबॉक्स बसवला, आत शेपटीची गुंडाळी, टोपी लावलेली, दोरी बांधलेली, मीच बांधली. परवा शापोरा जेटीवर मशीन घेऊन गेलो, बॉक्स उघडला तर आत गळ, शिसं आणि नायलॉनचा गुंता. माझी शेपटी सगळ्यात खाली.

पीक दोन आले, चारातले.