जळगावचा जपानी क्लास : 'सान'ला पूर्ण गुण, कांजीला काठावर पास

जळगावात जपानी शिकवणारं कोणी आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी लिहितोय. आहे. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

मी एमआयडीसीत मशीन मेंटेनन्सला आहे. बॅचमध्ये निम्म्या नर्सिंगवाल्या मुली, भुसावळ-पाचोऱ्याहून रेल्वेने येणाऱ्या. भारत-जपानचा कुशल कामगारांचा करार 2021 च्या जानेवारीत झाला. म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं काम त्यात येतं, म्हणून ही गर्दी.

फी वसूल होते ती मॅडमच्या 'सान'वर, म्हणजे आपल्या 'जी'सारखा नावानंतर लावायचा जपानी शब्द. पुस्तक 'आदरार्थी, नावापुढे लावा' म्हणून मोकळं होतं. मॅडमनी आख्खा तास घेतला. आधी उच्चार : डस्टर टेबलावर आपटून 'सा' एक ठोका, 'न' दुसरा. हा 'न' म्हणजे ん, एकट्याने उभं राहणारं अक्षर. आपल्या अनुस्वारासारखंच पुढचं अक्षर बघून रंग बदलतं. 'संप'मध्ये जसा म ऐकू येतो, तसं 'तानाका-सान मो' (तानाकासुद्धा) याचं 'साम्मो' होतं. मग शिरितोरी खेळवली, म्हणजे त्यांच्या भेंड्या. ん ने संपणारा शब्द दिला की बाद, कारण त्यावरून पुढचा शब्दच सुरू होत नाही. 'मिकान', म्हणजे संत्रं, यावर अर्धी बॅच गारद.

मूळ शब्द 'सामा'. तो झिजून 'सान' झाला आणि पोरांच्या बोबड्या तोंडात 'चान'. 'सामा' अजून आहेच, गिऱ्हाइकाला आणि पत्राच्या पाकिटावर. 'सान' बाई-बुवा दोघांना चालतं, दुकानदारालाही : पुस्तकवाला 'होन-या-सान', पाववाला 'पान-या-सान'. (तिकडचा 'पान' आणि आपला पाव, दोन्ही पोर्तुगिजांचेच.) फुजि-सानमधलं 'सान' मात्र वेगळं, तिथे डोंगर.

खरी गंमत कुठे लावायचं नाही, यात आहे. स्वतःला कधीच नाही. फोन उचलून 'पाटील सर बोलतोय' म्हणणाऱ्या आपल्या लोकांचं कसं व्हायचं! बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीच्या साहेबालाही नाही, नुसतं आडनाव. इथे चहावाल्यालासुद्धा आपण 'भाऊ' म्हणतो, शेठचं उघडं आडनाव घ्यायला जीभ वळेना. मॅडमनी एकेकाला उभं करून ते घोटून घेतलं.

'कुन' सहसा बरोबरीच्या किंवा लहान पुरुषाला. पण त्यांच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात सभापती सदस्यांना 'कुन'च म्हणत आले. 1993 मध्ये दोई ताकाको तिथल्या पहिल्या महिला सभापती झाल्या आणि त्यांनी सगळ्यांना 'सान' म्हणायला सुरुवात केली. हा किस्सा मॅडम फार रंगवून सांगतात.

आता तक्रारी. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, पळवतात. झेरॉक्स इतक्या फिक्या की कुठली रेघ आधी काढायची तेच कळत नाही. ऐकण्याच्या सरावाचा स्पीकर खरखरतो, आणि एन-5 च्या, म्हणजे जपानीच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या परीक्षेत ऐकण्याचा भाग असतोच. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब चालते, पंखा नाही. जळगावचा मे महिना वेगळा सांगायला नको. फी एकरकमी मागतात, पण हप्ते मागितले तर देतात.

नवीन येणाऱ्यांनी जुलैच्या परीक्षेची घाई करू नये, डिसेंबर धरून चालावं. आणि कांजीची वही घरी वेगळी करावी.