खुनी आधी दाखवावा की शेवटपर्यंत लपवावा?

दहा मिनिटांच्या स्लॅशर लघुपटाची, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याच्या भयपटाची, आखणी करताना पहिला निर्णय खुन्याविषयीच घ्यावा लागतो. १९७८ च्या ‘हॅलोविन’ चित्रपटात दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी खुनी कोण हे सुरुवातीलाच सांगून टाकले, तर १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये खून करणारी ही बुडालेल्या जेसन या मुलाची आई आहे, हे अखेरीस उघड होते.

या दुसऱ्या मार्गाला संशयित लागतात, त्या प्रत्येकाला निदान एक प्रसंग द्यावा लागतो आणि दहा मिनिटांत तेवढी जागा मिळत नाही. पहिल्या मार्गात मात्र माहितीतूनच भीती निर्माण होते: मुलगी सिंकपाशी पाठमोरी उभी आहे, नळ वाहतो आहे, आणि मागच्या दारातल्या अंधारात एक पांढरा चेहरा सावकाश स्पष्ट होत जातो, जो आपल्याला दिसतो, पण तिला दिसत नाही. शिवाय खर्चही बेताचा राहतो. कार्पेंटर यांच्या खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, थोडे बदल करून पांढरा रंगवलेला.

खुन्याच्या नजरेने फिरणारा कॅमेरा आणि शेवटी एकटी वाचणारी मुलगी हे संकेत दोन्हीकडे चालतात. तरीही लघुपटासाठी मी निःशंकपणे पहिलाच मार्ग निवडेन.