३ टनी फोर्कलिफ्टवर पेपर रोल क्लॅम्प: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

चाकणच्या आमच्या कोरुगेटेड बॉक्सच्या कारखान्यात गेल्या उन्हाळ्यात ३ टनी डिझेल फोर्कलिफ्टवर ३६० अंशांत फिरणारा पेपर रोल क्लॅम्प, म्हणजे कागदाचं रील (मोठी गुंडाळी) दोन्ही बाजूंनी आवळून धरणारी पकड, बसवला. त्यानंतर एक अख्खा पावसाळा आणि दिवाळीआधीची गर्दी त्यानं पार पाडली. रील यार्ड माझ्याकडे आहे, त्यामुळे रोज त्याच्याशी संबंध येतो. आधी निकाल सांगतो: रील हाताळणाऱ्या कारखान्यानं हा घ्यावाच. मात्र कोटेशन मागवताना लोखंडापेक्षा लिव्हरबद्दल जास्त प्रश्न विचारा.

पूर्वी आमच्याकडे फोर्कनंच रील उचलायचे. उभं रील पहारीनं कलंडवायचं, फोर्क खाली घालायचे, मिल रोल स्टँडपर्यंत (यंत्राला कागद पुरवण्यासाठी रील चढवतात ती जागा) ढकलत न्यायचं. फोर्कचं टोक लागून बाहेरचे थर फाटायचे आणि तेवढा क्राफ्ट कागद सोलून रद्दीत जायचा. टनभर वजनाचं रील चार माणसं हातानं आडवं करताहेत हे दृश्य मला कधीच सहन झालं नाही. एकाचा पाय जरी सरकला तरी काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. क्लॅम्प आल्यापासून पहार रील यार्डातून गेली. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी पैसे वसूल झाले असं म्हणेन.

आता लिव्हर. आमच्या दुसऱ्या फोर्कलिफ्टला साइड शिफ्ट आहे आणि ते तिसऱ्या लिव्हरवर आहे. पहिला लिव्हर उचलण्याचा, दुसरा मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) झुकवण्याचा, तिसऱ्यानं फोर्क डावीउजवीकडे सरकतात. ऑपरेटरचा हात दिवसभर त्या तिसऱ्या लिव्हरवर न बघता जातो. तोच माणूस संध्याकाळच्या शिफ्टला क्लॅम्पच्या मशीनवर बसला आणि तिथं तिसऱ्या लिव्हरवर पकड उघडण्याचं काम असेल, तर रॅकसमोर रील जरा डावीकडे घ्यावं म्हणून तो लिव्हर ढकलेल आणि वर धरलेलं रील सुटेल. यात ऑपरेटरचा दोष काढता येत नाही, हाताला लागलेली सवयच तशी असते. म्हणून बसवतानाच आम्ही रोटेशन तिसऱ्या लिव्हरवर आणि पकड चौथ्यावर मागून घेतली. चौथ्याची मूठ वेगळ्या आकाराची आहे, अंधारातही हाताला कळते. वर ‘पकड – सोड’ आणि ‘फिरव’ अशी मराठी पट्टी बाणांसकट लावली. डीलरनं दिलेलं इंग्रजी स्टिकर कुणी वाचत नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सोडण्याचं कुलूप. आमच्या चौथ्या लिव्हरच्या मुठीवर एक बटण आहे. पकड आवळायला ते लागत नाही. उघडायची असेल तर अंगठ्यानं बटण दाबून धरायचं आणि मगच लिव्हर पुढे ढकलायचा. नुसता कोपर लागला, बाही अडकली, चुकून हात पडला, तरी रील सुटत नाही. औद्योगिक ट्रकच्या सुरक्षिततेचं आयएसओ ३६९१-१ हे मानक आहे, त्यात क्लॅम्पसाठी अशी जाणूनबुजून करायची दुसरी कृती अपेक्षित आहे. तरीही आम्हाला आलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये हे बटण ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळ्या किमतीला दाखवलं होतं! रील माणसाच्या डोक्यापेक्षा उंच जाणार असेल, तर यात ऐच्छिक काय आहे? ज्या विक्रेत्यानं ते मूळ किमतीत धरलं त्याच्याकडूनच आम्ही घेतलं. जुन्या मशीनला बाहेरून क्लॅम्प बसवताना ही गोष्ट हमखास गाळली जाते. कुणी सेकंडहँड घेत असेल तर आधी हे तपासावं, आणि बटण रबर बँडनं बांधून ठेवलेलं नाही ना हेही बघावं.

क्षमतेचा प्रश्न आमच्या व्यवस्थापनाला समजावायला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘३ टनाची मशीन आहे, मग दीड टनाच्या दोन रील एकावर एक का नाही?’ असा प्रश्न आला होता. उत्तर साध्या गणितात आहे. ३ टन हा आकडा फोर्कवर, ५०० मिलिमीटर लोड सेंटरला असतो, म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर असताना. क्लॅम्पचं स्वतःचं वजन ७०० किलोच्या आसपास, तेही पुढच्या चाकांच्या पुढे लटकलेलं. त्यात क्लॅम्पच्या जाडीमुळे रील आणखी पुढे जातं. १२०० मिलिमीटर व्यासाच्या रीलचा मध्य कॅरेजपासून (फोर्क किंवा क्लॅम्प ज्यावर बसतो ती चौकट) ८५० मिलिमीटरच्या घरात येतो. पुढच्या अ‍ॅक्सलपासून कॅरेज ४८० मिलिमीटर धरून मी ढोबळ हिशेब मांडला, तेव्हा ३००० किलोचे १८०० च्या आसपास उरले. मास्ट वर गेला की त्याहूनही कमी. हा कागदावरचा अंदाज आहे. चालवायचं ते फोर्कलिफ्ट बनवणाऱ्यानं या क्लॅम्पसकट दिलेल्या नव्या कॅपॅसिटी प्लेटवरच, म्हणजे किती वजन उचलायचं ते लिहिलेल्या पट्टीवरच. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात तर क्षमतेवर परिणाम करणारं अटॅचमेंट लावायला निर्मात्याची लेखी परवानगी लागते. आम्हाला नवी प्लेट मिळवायला बरेच फोन करावे लागले. प्लेट येईपर्यंत मशीन रील यार्डात जाऊ दिली नाही, आणि यावरून झालेली बोलणी मी आनंदानं ऐकून घेतली.

रिकामी मशीनही रिकामी नसते, हे नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशीच सांगावं लागतं. पुढे कायम ७०० किलो आहेत. ओशाचा नियमही हेच सांगतो: अटॅचमेंट लावलेली मशीन माल नसतानाही अर्धवट भरलेली समजून चालवायची. वळणावर वेग कमी, क्लॅम्प खाली.

दाबाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच कारखान्यांचं नुकसान होतं. क्लॅम्प रील धरतो तो निव्वळ घर्षणावर. पॅड आणि कागद यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला, तर १००० किलोचं रील नुसतं तोलायला प्रत्येक बाजूनं साधारण १७०० किलोचा दाब लागतो. ब्रेकचे धक्के, फरशीचे सांधे यांसाठी वर आणखी हवा. तो कमी पडला तर रील घसरतं, हे सगळ्यांना दिसतं. जास्त झाला तर काय होतं ते उशिरा दिसतं: रील अंडाकृती होतं. स्टँडवर चढल्यावर ते उड्या मारत फिरतं, कागदाचा ताण कमीजास्त होतो, वेब (यंत्रातून धावणारा अखंड कागद) तुटतो आणि कोरुगेटरचा (पुठ्ठा बनवणाऱ्या यंत्राचा) वेग उतरवावा लागतो. प्रोडक्शनवाले मग कागदाच्या मिलला शिव्या देतात.

आमच्या क्लॅम्पला तीन टप्प्यांचा दाब निवडण्याचा खटका आहे. ६००–७०० किलोच्या अरुंद रीलला खालचा टप्पा, नेहमीच्या रीलला मधला, सर्वांत जड रीलला वरचा. प्रत्येक टप्प्याचा दाब क्लॅम्प फोर्स गेज लावून ठरवला आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या (तेलाचा कमाल दाब ठरवणाऱ्या झडपेच्या) स्क्रूला सील केलं. हे सील फार महत्त्वाचं. एकदा रील घसरलं की दाब वाढवायला मेकॅनिकचा पहिला हात त्या स्क्रूकडे जातो. घसरण्याचं कारण बहुतेक वेळा पॅडवरची कागदाची धूळ किंवा गुळगुळीत झालेला पॅड असतं.

पावसाळ्यात हे फारच जाणवलं. वापीकडून आलेल्या ट्रकची ताडपत्री गळली की रीलचे बाहेरचे थर ओलसर व्हायचे. ओला कागद दबतो, आवळलेली पकड जरा वेळानं सैल पडते. आमचे सर्वांत जुने ऑपरेटर काका मला म्हणाले, “साहेब, धरलंय, पण हाताला धरल्यासारखं वाटत नाही.” त्यांच्या हाताला जे कळलं ते गेजनंही दाखवलं. तेव्हापासून ओलं रील वेगळं काढतो, वर रचत नाही, आणि उचलण्याआधी लिव्हर आवळण्याच्या बाजूला एकदोन सेकंद धरून ठेवण्याची शिस्त सगळ्यांना लावली. आवळता आवळता उचलायचं नाही. पंप एकच आहे, तेल दोन्हीकडे वाटलं जातं आणि पकडीला पूर्ण दाब मिळण्याआधीच रील जमीन सोडतं.

एक धोका क्लॅम्प कितीही चांगला असला तरी राहतोच. मिलमध्ये सैल गुंडाळलेलं रील बाहेरून घट्ट धरलं तरी आतले थर कोअरसकट (मधल्या नळीसकट) खाली घसरू शकतात. बाहेरून काही कळत नाही. म्हणून नव्या लॉटचं पहिलं रील वीतभरच उचलून खालून बघतो.

फिरवण्याबद्दल. १.२ मीटर व्यासाचं, दीड मीटर रुंदीचं उभं रील आडवं करताना त्याचा कोपरा मध्यापासून ९६ सेंटिमीटर लांब फिरतो. रीलचा मध्य मुळात ७५ सेंटिमीटरवर असतो, म्हणजे किमान २१ सेंटिमीटर उचलल्याशिवाय फिरवलं तर कोपरा फरशीत घुसणार. आम्ही ४० सेंटिमीटरची खूण मास्टवर रंगवली आहे. मशीन थांबलेली, मास्ट सरळ, आणि फिरवताना आसपास कुणी नाही. ट्रक रिकामा करणारे माथाडी कामगार सवयीनं रीलला हात लावायला पुढे येतात, तेव्हा हॉर्न देऊन थांबायचं, ते बाजूला झाल्याशिवाय लिव्हरला हात लावायचा नाही. यावर आम्ही कुणालाच सूट देत नाही.

तक्रारी आहेत. रील धरलं की समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे जवळपास सगळा प्रवास रिव्हर्समध्ये होतो आणि शिफ्टच्या शेवटी ऑपरेटरची मान आखडते. मास्टवरून जाणारे होज (तेलाच्या लवचीक नळ्या) उन्हाळ्यात कडक झाले, दोन बदलावे लागले. क्लॅम्पवर चेक व्हॉल्व्ह (तेल मागे जाऊ न देणारी झडप) असल्यानं होज गळला तरी पकड सुटत नाही, पण डिलिव्हरी घेताना हे मेकॅनिककडून प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. पॅडचे सुटे भाग यायला आठवडे लागतात. एक जोडी आता स्टोअरमध्ये ठेवली आहे.

दुसऱ्या मशीनसाठी कोटेशन मागवलं आहे. त्यात सोडण्याचं बटण, पकड चौथ्या लिव्हरवर, दाबाचा खटका आणि क्लॅम्पसकटची कॅपॅसिटी प्लेट या चारही गोष्टी मूळ किमतीत आणि लेखी मागितल्या आहेत. मशीनबरोबर प्लेट आली नाही तर शेवटचा हप्ता थांबेल, अशी अट अकाउंट्सनं या वेळी स्वतःहून घातली.